मागच्या चाकाचा आवाज

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला बिलकुल लाज वाटत नाही. देवासच्या कारखान्यात गिअर तपासण्यात माझी सगळी हयात गेली. समोर आलेल्या प्रत्येक चकचकीत वस्तूत खोट आहे असं धरून चालायचं, ती सापडली नाही तरच माल पुढे सोडायचा, ह्याचाच मला पगार मिळत होता. माझी बायको विद्युल्लता म्हणते, कारखान्यानं रिटायर केलं तर तुम्ही घरी येऊन जॉइन झालात. म्हणेना का.

२००९ सालच्या दसऱ्याला माझ्यासमोर तपासायला आला होता धारचा एक मुलगा. रणवीर. इंदूरला आमच्या मुलीच्या, नेहाच्याच ऑफिसात होता. नेहाला तो पसंत होता, तिच्या आईलाही होता. गाडं अडलं होतं माझ्यापाशी. कोजागिरीपर्यंत काय ते सांगतो, असं मी म्हणून ठेवलं होतं. तेव्हापासून नेहा माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

मुलात उघड खोट दिसत नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्याच्या वडिलांमुळे. भैयासाहेब जुन्या सरदार घराण्यातले. घरात पिढीजात तलवारी आहेत, खंडेनवमीला त्यांची थाटात पूजा होते, असं स्थळ सुचवणाऱ्यानं मला सांगितलं होतं. आणि नवरात्रात त्यांचाच फोन आला.

"बळवंतराव, यंदाची खंडेनवमी आपल्याकडे करावी असं मनात आहे. आपली हरकत नसावी."

स्वतःची शस्त्रं घरात ठेवून माणूस दुसऱ्याच्या घरी शस्त्रपूजेला कशाला येईल? विद्युल्लता म्हणाली, "आपलेपणानं येताहेत हो." पण माझ्या मनातून ही गोष्ट गेली नाही.

नवमीला आले दोघं बापलेक, दसऱ्यापर्यंत मुक्कामाला. आमच्याकडे कुठली आलीत शस्त्रं! पाटावर माझा मापं घ्यायचा मायक्रोमीटर, हिची कात्री आणि विळी, आणि पाटाशेजारी माझी सायकल. ही सायकल स्वानंदनं, म्हणजे आमच्या मुलानं, पुण्याहून पाठवलेली. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून रोज सकाळी टेकडीच्या रस्त्याला मी ती पिटाळतो. डोंगरात चालवायची, जाड टायरांची. तिच्या ब्रेकला तार नाही. दांडी दाबली की नळीतलं तेल पुढे सरकतं, आणि चाकाच्या मध्याशी बसवलेल्या पोलादी चकतीला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्या दिवशी हिनं हँडलला हळदकुंकू लावलं, तेवढं मी चालवून घेतलं.

भैयासाहेब सायकलीसमोर बराच वेळ हात जोडून उभे होते. मला ते जरा जास्तच वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी मी अंधूक उजेडात उठून बाहेर आलो तर रणवीर सायकलीपाशी उकिडवा बसलेला. हातात फडकं. मला बघताच ते त्यानं खिशात कोंबलं.

"काय करतोयस रे?"

"कुछ नहीं काका. ऐसेच. धूळ होती जरा, तर पुसत होतो बस."

पूजेसाठी आदल्याच दिवशी मी स्वतः धुतलेल्या सायकलीवर धूळ! सणाचा दिवस म्हणून सोडून दिलं. दुपारी सोनं वाटून झालं, गळाभेटी झाल्या, आणि पाहुणे धारला गेले.

दुसऱ्या दिवशी फाटकातून निघालो तर मागच्या चाकातून सर्र, सर्र. चाक फिरतंय तोवर सारखं सर्र. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण उतार लागला, मी मागचा ब्रेक दाबला, आणि सायकलनं असा भोंगा दिला की रस्त्यावरची कुत्री उठून बसली. बरं, भोंगा देऊन थांबावं तरी! ब्रेक दाबलेलाच आणि सायकल चाललेलीच. घाबरून पुढचा ब्रेक आवळला तेव्हा मी दूधवाल्याच्या किटल्यांना जवळजवळ शिवलो होतो.

"अरे भिया, देख के!" तो ओरडला. "बुढ़ापे में रेस लगा रिया है क्या?"

मी सायकल हातात धरून घरी आणली. डोकं तापलं होतं.

कारखान्यात एक शिस्त होती. दोन तक्रारी एकाच दोषाच्या गळ्यात मारायच्या नाहीत. म्हणून आधी ब्रेक न दाबता येणारी सर्र घेतली. चकतीमागे पांढरा कागद धरून चाक फिरवलं. चकती वाकली असती तर फट लहानमोठी झाली असती. इथे फट हलत नव्हती. चकती सारखी एकाच पॅडला घासत होती. म्हणजे चकती सरळ आणि चाक तिरकं. मग चाक आवळायची कळ बघितली. मी ती कायम मागे वळवून बंद करतो. ती पुढे वळलेली होती. कळ सैल करून चाक खाचेत नीट बसवलं, कळ आवळली, आणि सर्र बंद झाली. चाक कुणीतरी काढलं होतं आणि घाईत परत बसवलं होतं.

आता भोंगा. चकती पांढऱ्या रुमालानं पुसली तर रुमालावर पिवळसर डाग. पॅड काढले, तेही तुळतुळीत. वास घेतला. तिळाचं तेल, आमच्या देवघरातल्या समईचं.

"विद्युल्लता! सायकलीच्या चकतीला तेल तू लावलंस?"

"मी कशाला लावू? भजी तळायचीत का तिच्यावर?"

मग उरलं कोण? दसऱ्याच्या सकाळचं ते फडकं आठवलं. चकतीला तेल लागलं की ब्रेक धरत नाही, हे ज्याला चाक काढता येतं त्याला कळत नसेल का? लग्नात आडवा येणारा म्हातारा रोज उताराला जातो, हे त्याला नेहाकडून ठाऊक होतंच. मी ते बोलून दाखवलं. बोलायला नको होतं असं हिचं म्हणणं. नेहा पांढरीफटक पडली.

"बाबा, तो असं का करेल?"

"तेच त्याला विचारून येतो."

रविवारी दोन्ही पॅड कागदात गुंडाळून खिशात टाकले आणि निघालो. इंदूरला बस बदलतानाच माझा नकार पक्का झाला होता. फक्त तो पोरासमोर बसून, पुरावा हातात देऊन सांगायचा होता.

धारला बाजारामागे दोन खोल्यांचं भाड्याचं घर निघालं. भैयासाहेबांना इतका आनंद झाला की मला खुर्चीवर बसवून ते स्वतः उभेच राहिले. रणवीर पाणी घेऊन आला. मी पुडी खिशातून काढून मुठीत धरली. कागदातून काळ्या पॅडचं टोक त्याला दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. चोर सापडला, मी मनात म्हटलं. पण बापाचीही परीक्षा राहिली होती.

"भैयासाहेब, आधी तुमच्या तलवारी बघू द्या."

भैयासाहेबांनी एकदा रणवीरकडे बघितलं. मग ते आतल्या खोलीत गेले, एक लांबट लाकडी पेटी उचलून आणली आणि माझ्यासमोर उघडली.

आत लाल मखमल होती. मखमलीवर तलवारींच्या आकाराचे तेलाचे जुने डाग होते. तलवारी नव्हत्या.

"रणवीरच्या आईच्या आजारपणात विकल्या," भैयासाहेब म्हणाले. "आपल्याला आधीच सांगावयास हवं होतं. धीर झाला नाही. पण नवमीला ही रिकामी पेटी माझ्यानं उघडवत नाही, बळवंतराव. म्हणून आपल्या दारी आलो."

 ते पुढे बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला.

"आपल्या सायकलीची ती चकती! काय पोलाद आहे! आमच्याकडे नवमीला पूजेनंतर शस्त्राला तेल द्यायचं, ते घरच्या कर्त्यानं, स्वतःच्या हातानं. आरतीनंतर आपण सगळे पानं वाढण्यात होता, तेव्हा समईतलं तेल घेऊन दोन्ही अंगांनी फिरवलं. किती वर्षांनी हाताला धार लागल्यासारखं वाटलं. गंजली तर नाही ना?"

त्यांच्या पाठीमागे रणवीर उभा होता. त्यानं छातीशी हात जोडले आणि माझ्याकडे बघत नुसती मान हलवली. नको काका, सांगू नका. तेव्हा मला ते पहाटेचं फडकं कळलं. बापानं लावलेलं तेल पोरानं चाक काढून जमेल तेवढं पुसलं होतं, आणि बापाची शोभा होऊ नये म्हणून माझ्याशी खोटं बोलला होता. मला सांगायला हवं होतं त्यानं. माझी मान मोडली असती. तो राग माझ्या मनात अजून आहे आणि राहील. पण मी माझ्या वडिलांसाठी एवढं कधी केलं होतं, ते मला आठवेना.

मी पुडी परत खिशात टाकली.

"गंजते कसली!" मी म्हणालो. "फक्त पुढच्या नवमीला चकतीचं राहू द्या. चेनला लावा. चेनला तेल लागतं, आणि माझ्याकडून ते नेहमी राहून जातं."

हे साफ खोटं होतं. माझ्याकडून काही राहून जात नाही.

"पुढच्या नवमीला?" पेटीचं झाकण लावता लावता भैयासाहेब थांबले. "आम्ही यावं?"

"व्याह्यांच्या घरी यायला विचारावं लागतं का?" मी म्हणालो, आणि रणवीरकडे वळलो. "आणि तू त्याआधी एकदा ये. चाक कसं बसवतात ते दाखवतो."