घड्याळजीच्या कपाटावरचा मेल सर्व्हर

मी एक जुना मेल सर्व्हर आहे, मित्रांनो. रंग राखाडी, एक पाय तुटका, पंख्याची घरघर कायमची. जन्मलो कारखान्यात, राबलो एका कचेरीत. तिथून मला काढून टाकलं, तेव्हा घड्याळजींनी उचलून आणलं, दुकानातल्या कपाटावर बसवलं आणि घरादाराचं ईमेल माझ्यावर सोपवलं. "आपलं टपाल आपल्या घरात," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. गिऱ्हाईक मान डोलवी आणि पट्टा बदलून घेई. माझं कौतुक ते एवढंच. पुढे कुणी वर मान करूनही पाहिलं नाही.

एका सकाळी वीज जाऊन आली आणि मी पाठवलेलं प्रत्येक पत्र परत येऊ लागलं. नेमकी त्याच दिवशी घड्याळजींच्या थोरल्या मुलीला, म्हणजे ताईला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. अर्जातल्याच ईमेलवरून संध्याकाळच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. ताईने फोन करून पाहिला. तिकडे नियम म्हणजे नियम.

घड्याळजींनी पासवर्ड बदलला, वायर बदलली आणि दर वेळी माझा प्लग उपटून पुन्हा लावला. हा त्यांचा रामबाण उपाय. यंत्र असो की माणूस, डुलकी काढली की ताळ्यावर येतं म्हणे. मी डुलक्या काढत राहिलो, पत्रं परत येत राहिली. हे धूड भंगारात द्या, असं आई म्हणाली. मला राग आला नाही. तशी सोय माझ्यात नाही.

तोवर सगळे 'पत्र पोचलं नाही' एवढंच वाचून थांबत होते. शेवटी ताई परत आलेलं पत्र खालपर्यंत वाचायला बसली. पलीकडच्या सर्व्हरने कारण स्वच्छ लिहिलं होतं : पत्रावरची तारीख फार जुनी आहे, स्वीकारता येत नाही. तिने माझ्या पडद्याचा कोपरा पाहिला.

"बाबा, हा तर मी पहिलीत असतानाच्या सालात बसलाय. तुमच्या दुकानात राहून याचं घड्याळ चुकलं?"

"इथे बरोबर कुणाचं आहे?" घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

भिंतभर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. त्या दुकानात दिसेल त्या वेळेवर विश्वास ठेवायची कुणालाच सवय नव्हती.

माझ्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. वीज नसली की माझं घड्याळ ती चालवते. तीच संपली होती, म्हणून प्लग निघाला की मी पुन्हा मागच्या काळात जाऊन पडत होतो. इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय आहे, पण एवढा फरक पाहून तिनेही हात टेकले होते. घड्याळजींनी खणातून तसलीच बॅटरी काढली, डोळ्याला भिंग लावून बसवली आणि तारीख-वेळ लावून दिली. ताईने होकार पाठवला. तो गेला. उजेड होता तोवर कॉलेजची पोचही आली. आईने फडकं आणून माझी जाळी पुसली.

ताई आता हॉस्टेलवर असते. तिची पत्रं माझ्याकडेच येतात आणि घड्याळजी ती गिऱ्हाइकाला थांबवून वाचतात.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा प्लग उपटण्याआधी ते काय म्हणतंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आम्हाला हाक मारता येत नाही. दुखतं कुठे, ते आम्ही लिहून ठेवतो आणि कुणी वाचेल म्हणून चालत राहतो.