बोगद्यातला आरसा

आमची आई एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवतानाही मधेच उठून ओटा पुसून येते. अशा बाईला मी स्वतः एमआरआयच्या बोगद्यात आडवं केलं आणि बजावलं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढायचीत, ढिम्म हलायचं नाही.

मी तिथेच तंत्रज्ञ आहे. रोज परक्यांची डोकी बघते आणि निवांत डबा खाते. त्या दिवशी मात्र डबा उघडलाही नव्हता. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून गेली, भर दुपारी, गप्पा मारता मारता. आता आईचं डोकं ठणकत होतं.

पहिलं चित्र पडद्यावर आलं. एका फांदीवर फुगवटा दिसत होता. शेजारच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कडा फिसकटल्यात, पेशंट हललाय, यावरून काहीच सांगता येणार नाही.

मी तणतणत आत गेले.

"तूच मान हलवत होतीस," आई म्हणाली. "मला वाटलं, बरी आहेस ना विचारतेयस. मग मीही हलवली."

आत पडलेल्याला घाबरायला होऊ नये म्हणून डोळ्यांवर छोटा आरसा असतो, त्यात आम्ही बसतो त्या खोलीची काच दिसते. काचेमागे मी डॉक्टरबाईंच्या बोलण्याला मुंडी हलवत होते आणि ही बाई बोगद्यातून मला उत्तरं देत होती. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात येऊ नये!

मग यंत्र सहकाऱ्याकडे सोपवलं आणि मी काचेला खेटून उभी राहिले. मी हलेन तेव्हाच तू हल, असं आईला सांगून ठेवलं होतं. नाक खाजलं, पायाला मुंग्या आल्या. पडदा माझ्या पाठीमागे होता. मी वळले नाही.

यंत्राची धडधड थांबल्यावर वळले.

या तपासणीत स्थिर असतं ते काळं पडतं, वाहतं रक्त तेवढं उजळतं. मानेतून वर चढलेले प्रवाह, मेंदूच्या तळाशी त्यांचं झालेलं कडं, तिथून फुटत गेलेल्या केसासारख्या फांद्या. हे मी रोज बघते, पण त्या दिवशी पाहिलं. मी जन्मायच्या आधीपासून हे असंच, घडीभर न टेकता वाहत होतं. ही बाई एका जागी बसणार तरी कशी?

डॉक्टरबाईंनी चित्र सगळीकडून फिरवलं. फुगवटा नव्हता, वाहिनीचं साधं वळण होतं. डोकेदुखीचं कारण दुसरीकडे शोधू, त्या म्हणाल्या. मी तिथेच रडले.

आईला आणून पडद्यासमोर बसवलं. तिने काही पुसलं नाही, आवरलं नाही. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"आमच्या धाकटीचंही आतून असंच असेल का गं?" तिने विचारलं. "इतकं सुंदर?"

मी मान हलवली. तिनेही हलवली.