होल्ड

"भावोजी, हे घर आहे की शीतपेटी?" दोन स्वेटरांवर शाल गुंडाळत मेहुणीने विचारलं. बहीण जाऊन महिना झाला, म्हणून ती घर आवरायला आली होती आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नाक गळायला लागलं होतं.

त्याला काहीच जाणवत नव्हतं. तीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर काढलेला माणूस, घरी यायचा तोच भाजून निघालेला. बायको त्याला 'माझा पाव' म्हणायची. पण पाहुणीचे हाल नकोत, म्हणून त्याने हीटरवाल्याला बोलावलं.

हीटरवाल्याने पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटवर नजर टाकली आणि हसला. "मशीन ठणठणीत आहे हो. हे 'होल्ड' कोणी दाबलंय?"

"मी."

बायकोने अंथरूण धरलं, त्या दुपारची गोष्ट. थर्मोस्टॅटचं वेळापत्रक तिनेच बसवलं होतं. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री एकवीस अंश. दुपारी दोघं कामावर, म्हणून पंधरा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपला धक्का लागून तिची मांडणी मोडायला नको, म्हणून त्याने मोठ्या काळजीने होल्ड दाबलं. होल्ड म्हणजे धरून ठेव. तिचं सगळं आहे तसं धरून ठेव.

"होल्ड म्हणजे दाबताना जो आकडा असेल, तेवढाच धरतं ते," हीटरवाला म्हणाला. "वेळापत्रक बंद. रात्रंदिवस पंधरा." त्याने बटण दाबून होल्ड काढलं आणि हत्यारांची पिशवी उचलून गेला.

तीन महिने ती म्हणत होती, "अहो, थंडी वाजते." तो दरवेळी उठून पॅसेजमध्ये जायचा, होल्ड बघून यायचा आणि सांगायचा, "तुझ्याच वेळापत्रकाने चाललंय सगळं. थंडी तुझ्या अंगातच आहे." मग आणखी एक ब्लँकेट. शेवटी शेवटी तिने सांगणंच सोडलं. त्याला वाटलं होतं, बरं वाटतंय तिला.

मेहुणी हीटरपाशी हात शेकत बसली. "आता कसं जिवात जीव आला. ताई फोनवर सारखं थंडीचंच सांगायची. मी तिला रागवायचे, मनाचे खेळ आहेत तुझे."

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याच्याने राहवलं नाही.

"मनाचे खेळ नव्हते," तो म्हणाला. "तुझ्या ताईला खरंच थंडी वाजत होती. मीच ठेवलं होतं तिला थंडीत."

मेहुणीने शाल काढायला घेतली होती. ती तिने पुन्हा घट्ट लपेटून घेतली.