नाव न घेणारं घर

"हे पुस्तक आजच्या आज इथून काढ, लॉर्ना," डोरीननं ते टेबलावर आपटलं. "माझ्या पोरीला पुन्हा देऊ नकोस."

लॉर्ना कुचेरानं चष्मा काढला. दोघी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या याच शाळेत एका वर्गात शिकलेल्या. डोरीन शेतावर नांदायला गेली, लॉर्ना शाळेचं ग्रंथालय सांभाळत राहिली.

पुस्तक म्हणजे मोठ्या मुलांसाठीची एक कादंबरी. तिच्यातल्या नगरात मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बंदी असते. घेतलं, की वेशीबाहेर हाकलतात. आणि एक मुलगी भावाचं नाव गिळून गिळून घुसमटत असते.

"गोष्ट आहे गं नुसती."

"गोष्ट! काल जेवताना मारेननं बापाला तोंडावर विचारलं, 'डॅडी, आपण टोबीचं नाव का घेत नाही?'"

गावात कुणाला ठाऊक नव्हतं? मारेनचा भाऊ टोबी धान्याच्या उंच कोठीत चिकटलेला मका मोकळा करायला उतरला होता. तो आत आहे हे न कळून रॉयनं, त्याच्या बापानंच, खालून मका उपसणारं यंत्र सुरू केलं आणि टोबी मक्यात ओढला गेला. पोराला मक्याखालून काढायला निम्मं गाव धावलं होतं, पण तोवर तो गेला होता.

"रॉय ताटावरून उठून थेट कोठीकडे गेला. मी मागोमाग. घरातली बंदूक मी भावाकडे नेऊन ठेवलीय, कळतंय तुला? मला पुस्तकांचं शहाणपण शिकवू नकोस."

डोरीन तिथून थेट मुख्याध्यापकांकडे गेली. संध्याकाळी मुख्याध्यापक हॅनसेन लॉर्नाला म्हणाले, "एका पुस्तकानं काय अडतंय? आणि त्या मुलीशी त्याबद्दल बोलूही नका." लॉर्नानं पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मारेन आली.

"मिसेस कुचेरा, शेवट वाचायचा राहिलाय माझा. ती नाव घेते का, एवढं तरी सांगा ना."

"मला नाही सांगता येणार, बाळा."

"म्हणजे तुम्हालाही बंदी?" मारेन हसली. ते हसू लॉर्नाला बघवेना. मग पोरगी समोरच्या खुर्चीत बसली आणि आपणहून टोबीबद्दल बोलू लागली. तो तिचेच हातमोजे घालून सैल करायचा, वर म्हणायचा, तुझेच हात लहान झालेत. घंटा झाली तरी दोघी उठल्या नाहीत.

मग ती रोजच येऊ लागली. लॉर्ना ऐकायची, त्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हतं. ईस्टरच्या सणाआधी डोरीननं मारेनला लिंकन शहरात मावशीकडे पाठवलं. "इथं तिचं मन रमत नाही," ती लोकांना सांगायची.

उन्हाळ्यात किराणा दुकानात डोरीननं लॉर्नाला गाठलं. ती वाळली होती.

"तुझ्याकडे बसायची ना ती? त्याच्याबद्दल बोलायची?"

"हो."

"काय सांगायची?"

"पहाटे वासरांपुढे गाणी म्हणायचा म्हणे—"

"नको." डोरीननं हात वर केला. "पुढचं नको."

पण ती हलली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "बेसूर?"

"अगदी बेसूर."

डोरीननं मान डोलावली. दुधाचा डबा उचलला आणि ढकलगाडी रेटत ती दाराकडे निघाली. बाहेर पिकअपमध्ये रॉय इंजिन चालू ठेवून समोर बघत बसला होता.