मास्तर दोन शनिवार आले नाहीत

एकोणसत्तराव्या वर्षी सलूनवाल्या काकांनी भात, पाव, बटाटे आणि साखर या सगळ्यांना एका दमात रामराम ठोकला. त्यांच्या जागी आली अंडी, चीज, साय आणि लोण्याचे गोळे. चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं, मधुमेहाची एक गोळी सुटली आणि काकांचं तोंड सुटलं. मानेवर वस्तरा असताना गिऱ्हाईक वाद घालत नाही, तेवढ्यात काका त्याला लोण्याचं महत्त्व पटवून देत.

सगळ्यात मन लावून ऐकलं ते मास्तरांनी. चौऱ्याहत्तरीचे, गणित शिकवून निवृत्त झालेले आणि सहा वर्षांपूर्वी बायपास झालेले.

"हृदयवाल्याला चालतं का हो हे?" त्यांनी विचारलं होतं.

"चालतं कसलं, पळतं! माझ्याकडे बघा की."

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी काकांचा रिपोर्ट वाचला. "साखर झकास. पण वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ दुप्पट झालंय."

"पण मला तर एकदम तरतरीत वाटतंय!"

"ते आतून जाणवत नाही, काका. या खाण्यानं काहींचं वाढतं, काहींचं नाही. तुमचं वाढलंय. लोणी, साय कमी करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

काका दुकानात आले खरे, पण स्वतःपेक्षा मास्तरांचाच विचार डोकं पोखरू लागला. न चुकता येणारे मास्तर दोन शनिवार फिरकलेच नव्हते. फोन लागेना. काकांनी एकाचे कल्ले वरखाली कापले, दुसऱ्याच्या कानात साबण घातला. घरी जेवताना तीनदा उठले.

"अहो, बूड टेका की जरा," बायको म्हणाली. "कोणी पाठीला लागलंय का?"

बुधवारी सकाळी दुकान न उघडताच ते मास्तरांच्या घरी गेले. जिने चढताना दम लागला नाही, याचीच त्यांना भीती वाटली. दार मास्तरांच्या लेकीनं उघडलं.

"बाबांना पंधरा दिवसांपूर्वी हृदयाचा झटका आला. कालच घरी आणलंय."

काकांनी चौकट धरली. "ताई, ते लोणी... मी सांगितलं होतं त्यांना."

"तुम्ही?" ती बघतच राहिली. "हे खूळ कुठून आलं ते आम्हाला कळतच नव्हतं!"

आतून मास्तरांचा बारीक आवाज आला. "अगं, चार दिवस खाल्लं, मग सोडलं."

"बाबा, डबे मी घासत होते. शेवटपर्यंत खात होता तुम्ही."

मास्तर उशांना टेकून बसले होते. दाढी वाढलेली, हात कागदासारखे. काका पलंगाच्या कडेला बसले आणि लगेच उठले.

"माझ्यामुळे झालं का हो, मास्तर?"

"डॉक्टरांना विचारलं मी. म्हणाले, नळ्या जुन्याच, वर्षानुवर्षं भरत आलेल्या. लोण्यानं किती भर घातली ते कुणालाच सांगता येणार नाही." मास्तर श्वास घ्यायला थांबले. "माहीत नसलेलं उत्तर मी आयुष्यात कधी लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नका."

दारापर्यंत लेक सोडायला आली. "काका, यापुढे फक्त केस कापा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

दुपारी काकांनी दुकान उघडलं. नेहमीचा सुतार खुर्चीत बसला, गालाला साबण लागताच खुशीत आला. "काका, तुमचं ऐकून मी पाव सोडला बरं का! सासऱ्यांनाही लोण्यावर आणलंय. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, पण गडी खूश आहे."

काकांचा वस्तरा जागीच थांबला. चार महिन्यांत या खुर्चीत किती माना टेकल्या होत्या, ते काही केल्या त्यांना आठवेना.

"फोन लावा सासऱ्यांना."

"आत्ता? अर्धी दाढी झालीय, काका."

"राहू दे अर्धी. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या म्हणावं. लावा फोन!"

सुतारानं खिशातून फोन काढला. काका टॉवेलाला पुन्हापुन्हा हात पुसत त्याच्यासमोर उभे राहिले.