लेमन मागणारा माणूस

कारखान्याच्या फाटकाजवळच्या कँटीनमध्ये गार बाटलीला कोल्ड्रिंक म्हणत. नदीपलीकडून आलेले कामगार तिलाच लेमन म्हणत. मग आत काळं असो की नारिंगी, लेमन ते लेमन. एवढ्याशा गोष्टीवरून लोक एकमेकांची टर उडवत, आणि टर उडवता उडवता मागच्या महिन्यात चक्क डोकी फुटली. तेव्हा मुकादमाने फर्मान काढलं, काउंटरवर पलीकडचं माणूस नको.

काउंटरवरची मुलगी पलीकडचीच होती. नोकरी मागताना तिने 'मी इथलीच' असं ठोकून दिलं होतं. खोटं बोलायचं तर जिभेलाही शिकवावं लागतं. तिने आरशासमोर उभं राहून इथले शब्द घोकले होते. घरची चूल तिच्या पगारावर पेटत होती, त्यामुळे हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

त्या दुपारी मुकादम काउंटरला टेकून उभा होता आणि रांगेत तिला आपला बाप दिसला. लेकीला चकित करायला न कळवता आलेला, अंगात ठेवणीतला सदरा. तिने डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण बाप आपला कौतुकाने हसतोय. पुढे येऊन त्याने ऐटीत सांगितलं, "एक लेमन."

मुकादमाने मान वळवली. "ओळखीचा का गं हा?"

"नाही," ती म्हणाली. मग बापाकडे वळून, "इथे कोल्ड्रिंक म्हणतात, काका."

बापाचं हसू तिथेच थांबलं. त्याने लेकीकडे पाहिलं, मग मुकादमाकडे. म्हातारा अडाणी असेल, पण बावळट नव्हता.

"चुकलं, ताई," तो म्हणाला. "कोल्ड्रिंक द्या."

पोटच्या पोरीला त्याने जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं. त्यापेक्षा चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं, असं तिला वाटलं.

बाटली संपेपर्यंतच तिथे उभं राहता येणार होतं. म्हणून तो अगदी घोट घोट पीत राहिला आणि अधूनमधून, परक्या माणसाने पाहावं तसं, तिच्याकडे पाहत राहिला.

"बरं वळण लावलंस त्याला," मुकादम खुशीत म्हणाला.

तिने मान डोलावली. बापाने रिकामी बाटली काउंटरवर ठेवली, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्याला तिने विचारलं, काय हवं.