मोजणीत धरलेली ऊब

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात सांगतात ना, "पुढे या, मधे जागा सोडू नका," तसे बसा. माणसांनीच ऊब दिलेल्या एका सभागृहाची गोष्ट आज तुम्हांला सांगते.

मी एक जुनी सतरंजी आहे. मऊरानीपूरच्या एका विणकराने मला जाड सुतात विणले, निळ्या-तांबड्या पट्ट्यांत. झाशीला खंडेराव गेटजवळ मराठी मंडळींचे छोटे सभागृह आहे, तिथे मी आले. रेल्वेतली, फौजेतली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली माणसे माझ्यावर मांडी घालून बसली. आमच्या कीर्तनकार गोदूबाई चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की कोण डोलतो आणि कोण पेंगतो, ते मला खालून कळे. माणूस उठून गेला तरी त्याची जागा थोडा वेळ ऊबदार राहते. ती ऊब मी जपून ठेवी. त्याचा मला फार अभिमान होता.

पुढे माझ्या कडा विरल्या. नवी सतरंजी आली आणि मला गुंडाळून दाराशी टाकले. कोणी माझ्यावर ओली छत्री टेकवी, कोणी चपला. मी रुसले नाही. हरिनाम तर कानी पडत होते. माझ्याशेजारी उंबऱ्यावर जयसिंग बसायचा. गेटपाशी त्याची चहाची टपरी. मराठी त्याला अर्धीच कळे, पण टाळ चुकत नसे.

झाशीचा पौष म्हणजे हाडे गोठवणारा. त्यात कीर्तन चालू असताना दार लावायचे नाही, ही आमची रीत; देवाच्या नावाला कोणी आले तर परत जाऊ नये. त्या दारातून वारा आत शिरे. लोक कमी होऊ लागले आणि लोक कमी झाले तशी थंडी आणखी वाढली. गोदूबाईंचा आवाज बसू लागला. मग मंडळाचे अध्यक्ष अनंतराव यांनी भिंती, खिडक्या, छत मोजून हिशेब केला. इतके हीटर लागत होते की सभागृहाच्या वायरी जळाल्या असत्या.

"गोदूमावशी, यंदा पौषात राहू द्या. चैत्रात करू," ते म्हणाले.

"चैत्रापर्यंत मी आहे का, तेवढं देवाला विचारून ये." गोदूबाई हसल्या आणि चिपळ्या पिशवीत घालू लागल्या.

तेव्हा अनंतरावांची लेक माधवी पुढे झाली. इमारतींना वीज किती लागेल ते काढणे हेच तिचे काम.

"बाबा, हा हिशेब रिकाम्या सभागृहाचा आहे."

"मग? सभागृह तेच ना?"

"रिकाम्यात कीर्तन कोण ऐकणार? नुसता बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभराच्या बल्बइतकी ऊब देतो. दहा माणसं म्हणजे एक छोटा हीटरच. शिवाय समया आहेत, दिवे आहेत. कीर्तन रात्रीऐवजी दुपारी ठेवलं तर खिडक्यांतून ऊनही येतं. ही सगळी मिळकत आधी वजा करा. उरेल तेवढीच वीज."

"माणसं आली तर ना, बेटा."

सगळे गणित त्यावरच उभे होते.

"किती माणसं धरलीस?" गोदूबाईंनी विचारले.

"साठ. मंडळाचे सभासद."

"आणि जयसिंग?"

"जयसिंग भैया सभासद कुठे आहेत, आजी?"

"ऊब काय पावती फाडून येते? धर त्याला."

राहिले दार. रीत मोडायची नव्हती. माधवीची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. तिने मला झटकले, दुहेरी करून शिवले आणि दारावर टांगले. दार उघडेच राहिले. येणाऱ्याने मला सारायचे आणि आत यायचे. ताज्या हवेसाठी वरचा झरोका तेवढा मोकळा ठेवला. जन्मभर जमिनीवर पडून असलेली मी, प्रथमच उभी राहिले.

पहिल्या दुपारी पूर्वरंग सुरू झाला तेव्हा जेमतेम वीस डोकी होती. दोन हीटर धापा टाकत होते. गोदूबाई शालीत गुरफटून गात होत्या आणि मधेच खोकत होत्या. माधवी सारखी माझ्याकडे बघत होती.

मग कोणीतरी मला बाजूला सारले. जयसिंग होता. मागे त्याची बायको, मुले, शेजारचा शिंपी, टपरीवरचे गिऱ्हाईक, आणि त्यांना बघून गल्लीतून वळलेली आपली मंडळी.

"बाईजी, बिटिया बोली हमें भी गिनती में लिया है। तो हम पूरा मोहल्ला ले आए।"

"मग उंबऱ्यावर काय बसतोस? पुढे ये," गोदूबाई म्हणाल्या.

गुडघ्याला गुडघा लागला. उत्तररंगात गोदूबाईंचा सूर असा चढला की खोकला कुठे गेला कळलेच नाही. अभंग न थांबवता त्यांनी शाल काढून अनंतरावांकडे दिली. अनंतरावांनी ती मांडीवर ठेवली आणि हात लांबवून एक हीटर बंद केला.

उन्हाळ्यात माधवी हीच ऊब हिशेबात उलटी मांडते. तेव्हा ती बाहेर घालवायची असते, म्हणून कीर्तन पहाटे, दिवे मोजके. पण माणूस एकही गाळत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा झटकून बघा. खोली तापवण्याआधी किंवा गार करण्याआधी आत कोण कोण बसणार ते विचारा. आणि थंडीत कुठे जड पडदा सारून आत शिराल, तेव्हा माझी नाही, उंबऱ्यावर टाळ धरून बसणाऱ्या जयसिंगची आठवण ठेवा.